गॅलिलिओचा संवादग्रंथ

१६३२ साली फ्लॉरेन्स येथे गॅलिलिओचा विश्वरचनेवरील संवादग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्वानांची लॅटिन बाजूस ठेवून तो लोकांच्या इटालियन भाषेत लिहिलेला होता. साल्व्हिआती, साग्रेदो व सिंप्लिचिओ हे तिघे त्यात चार दिवस वाद करतात. कथेचे कुतूहल, तत्त्वज्ञाची शंका व शास्त्रज्ञाचे प्रमाण तेथे एकत्र नांदतात. १६३३ साली धर्मन्यायालयाने ग्रंथास बंदी केली व वृद्ध ग्रंथकारास आजन्म स्थानबद्ध केले. १८३५ च्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत मात्र त्याचे नाव उरले नाही. भरतीओहोटीवरून पृथ्वीची गती सिद्ध करण्याचा गॅलिलिओचा युक्तिवाद पुढे चुकीचा ठरला. तरीही वाचकांनी ग्रंथ टाकला नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकून मगच निर्णय करावा, ही त्यातील रीत त्यांना सिद्धान्ताहूनही मोलाची वाटली.