पगारापलीकडचा हिस्सा

१९५६ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी पेनिन्सुला न्यूजपेपर्स या वर्तमानपत्र कंपनीचे मालक निवृत्तीला आले होते. कंपनी आपणच घ्यावी असे तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मनात होते, पण पैसा कुठून आणायचा? घरखर्च भागवून पगारातून जे शिल्लक पडते, त्यात छापखाना विकत घेता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा वकील लुई केल्सो याने त्यांना वाट काढून दिली. कर्मचाऱ्यांच्या वतीने ट्रस्टने समभाग घ्यायचे आणि त्यांची किंमत कंपनीच्या पुढच्या कमाईतून फेडत जायची. पुढे अमेरिकाभर पसरलेल्या ईसॉप योजनेचा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या भागमालकीचा, हा पहिला प्रयोग.

केल्सोच्या मनात याची बीजे फार आधी पडली होती. १९१३ साली डेन्व्हरला जन्मलेल्या या माणसाने ऐन उमेदीच्या वयात महामंदी पाहिली. कारखाने शाबूत होते, हातांना काम हवे होते, लोकांना माल हवा होता. तरी सगळे ठप्प. असे का व्हावे, हा प्रश्न त्याने सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या नोकरीवर पनामात असताना त्याने आपले उत्तर लिहून काढले. ते लोकांसमोर आले १९५८ साली, तत्त्वज्ञ मॉर्टिमर ॲडलर यांच्यासोबत लिहिलेल्या ‘द कॅपिटलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकातून.

त्याचे म्हणणे असे. उत्पादन दोघे मिळून करतात: माणसाचे श्रम आणि भांडवल, म्हणजे जमीन, इमारती, यंत्रे. तंत्र सुधारत जाते तसा यंत्राचा वाटा वाढत जातो. मग ज्याच्यापाशी श्रमांखेरीज काही नाही, त्याने वाढत्या उत्पादनातला आपला वाटा मागायचा तो कशाच्या जोरावर? सरकार त्याला अनुदान देते, जुजबी रोजगार काढून देते. केल्सोला ही मलमपट्टी वाटे. त्याच्या लेखी भांडवल असणे हा दोष नव्हता, ते मूठभरांच्याच हाती असणे हा दोष होता.

त्याचा खरा घाव पडला तो बचतीच्या कल्पनेवर. आधी पोटाला चिमटा घ्या, पैसे साठवा, मग मालक व्हा, असे आपण सगळ्यांना सांगत आलो आहोत. मोठ्या कंपन्या मात्र नवे यंत्र पुष्कळदा कर्जाने घेतात आणि यंत्राच्या कमाईतूनच कर्ज फेडतात. कर्ज फिटले की यंत्र जुन्याच भागधारकांचे. आपल्याकडे रोज भाडे भरून दुसऱ्याची रिक्षा चालवणारा आणि बँकेच्या कर्जावर स्वतःची रिक्षा घेणारा, दोघे सारखेच राबतात. पाच-सहा वर्षांनी एकाची रिक्षा असते, दुसऱ्याचे भाडे चालूच. फरक कर्जाच्या दाराचा आहे. ते दार सर्वांना उघडे करा, एवढेच केल्सो सांगत होता.

ईसॉपची घडण त्यातूनच झाली. ट्रस्ट कर्ज काढतो आणि त्या पैशातून समभाग घेतो. कंपनी दरवर्षी ट्रस्टला रक्कम देते, ट्रस्ट त्यातून हप्ता भरतो. जसजसे कर्ज फिटते तसतसे समभाग मोकळे होऊन कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर चढतात. नोकरी सुटली किंवा निवृत्ती आली की त्यांचे मोल हाती येते. कर्मचाऱ्याला पदरचे पैसे घालावे लागत नाहीत, घर तारण ठेवावे लागत नाही. १९५८ साली केल्सोने हीच रीत कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांसाठी वापरली आणि खत विकत घेणारे शेतकरीच खतकारखान्याचे मालक झाले.

तरीही अर्थशास्त्रज्ञांनी त्याला फारसे मनावर घेतले नाही. योजनेला कायद्याचे बळ मिळाले ते लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांच्यामुळे. त्यांचे वडील ह्युई लाँग यांनी १९३४ साली श्रीमंतांची संपत्ती काढून वाटण्याची चळवळ उभारली होती. पुढच्याच वर्षी त्यांची हत्या झाली, तेव्हा रसेल सोळा वर्षांचे होते. मुलगा सिनेटच्या अर्थ समितीचा अध्यक्ष झाला. १९७३ साली केल्सोने त्यांना आपली योजना समजावून सांगितली. कुणाचे असलेले हिसकावायचे नाही, जे नवे उभे राहील त्यात सर्वांना वाटेकरी करायचे, हे लाँग यांना पटले. १९७४च्या निवृत्तिवेतन कायद्यात ईसॉपला जागा मिळाली, पाठोपाठ करसवलती आल्या. आज अमेरिकेत अशा योजना साडेसहा हजारांच्या आसपास आहेत.

या वाटेवर ठेचाही लागल्या. १९९४ साली युनायटेड एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी पगारकपात पत्करून कंपनीचा ५५ टक्के हिस्सा घेतला. २००२ साली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हिस्सा मातीमोल झाला. नोकरी आणि पुंजी एकाच कंपनीत अडकणे धोक्याचे असते. म्हणूनच १९८६च्या कायद्याने पंचावन्नी गाठलेल्या जुन्या सभासदांना काही पुंजी दुसरीकडे वळवण्याचा हक्क दिला. कारभारात कामगाराचा आवाज मात्र अजूनही क्षीण आहे, कारण रोजच्या बाबतीत मत बहुधा विश्वस्ताचे असते.

केल्सोची नजर एका कंपनीपुरती नव्हती, त्याला प्रत्येक नागरिक भांडवलदार व्हायला हवा होता. अलास्काने १९७६ साली राज्यघटना बदलून तेलाच्या उत्पन्नाचा काही भाग कायम निधीत ठेवला आणि १९८२ साली तान्ह्या बाळासकट प्रत्येक रहिवाशाला १,००० डॉलर लाभांश दिला. सामाईक भांडवलाचे फळ घरोघर पोचू शकते, याचा हा चालता पुरावा आहे.

आपल्याकडे ईसॉप म्हटले की १९९४ साली इन्फोसिसने सुरू केलेली योजना आठवते. त्यातून कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदा भांडवल आले, हे मोलाचे आहे. पण तो आधी ठरलेल्या भावाने समभाग घेण्याचा पर्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा वरच्या पगारदारांच्याच वाट्याला येतो. यंत्रापाशी उभा असलेला कामगार बाहेरच राहतो. वास्तविक कर्मचाऱ्यांसाठी समभाग घेणाऱ्या ट्रस्टला कंपनीने पैसे पुरवण्याची मुभा २०१३च्या कंपनी कायद्यात आहे. दार आहे, त्यातून जाण्याची निकड नाही.

ती निकड सरकार निर्माण करू शकते. नवा कारखाना उभा राहतो तेव्हा आपण त्याला सवलतीत जमीन देतो, करमाफी देतो, प्रोत्साहनाची रक्कम देतो. हा सारा पैसा जनतेचा. मग त्यातून उभ्या राहणाऱ्या नव्या भांडवलाचा एक हिस्सा तिथल्या कामगारांच्या ट्रस्टकडे जावा, कंत्राटी कामगारांसकट, ही अट घालायला काय हरकत आहे? जोखीम जनता उचलते, तर मालकीतही तिचे नाव हवे. यंत्रे दिवसेंदिवस अधिक काम उरकू लागली असताना नुसत्या पगारवाढीची मागणी पुरणार नाही. यंत्रातला वाटा मागायला हवा, आणि तो आत्ताच मागायला हवा.