भुलाबाईच्या डब्यात काय होतं?

मी खापरखेड्याहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून महिनाभर या गावातून त्या गावात बैठका घेत फिरते. हिशोब संपतो, वही मिटते आणि चहा यायला वेळ असतो. त्या मधल्या वेळात कोणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या वेळचं लहानपण काही औरच होतं बाई!" मग एकेक निघतं. चिंचोके निघतात, बिट्ट्या निघतात, नदीच्या वाळूतले खोपे निघतात, झाडाखालची खारी-आंबट बोरं निघतात. आणि भाद्रपद जवळ आला असला की भुलाबाई निघते. भुलाबाईचं नाव आलं की चहा थंड होतो, कारण मग एकटी कोणी बोलत नाही, सगळ्याच बोलतात.

आज त्या भुलाबाईचीच गोष्ट सांगायची आहे. आठवण म्हणून तर आहेच, पण थोडी इतिहास म्हणूनही. कारण आपण जिला साधी गंमत म्हणतो, तिच्या पोटात बरंच काही होतं.

आपल्याकडे आधी पोरांची पाळी येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवायचे, तोरणाखाली उभे करायचे, मग घरोघरी नेऊन बोजारा मागायचा. नागपूरला असं सांगतात की ही रीत दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली. लहान पोरांना बैलाचं मोल कळावं म्हणून. माझ्या लहानपणी लाकडी बैलाची दोरी बहुतेक पोरांच्याच हाती असायची. आम्ही बहिणी त्या बैलाला झूल शिवून द्यायचो, शिंगांना बेगड लावून द्यायचो आणि दारात उभं राहून पाहायचो. आता पोरीही बैल घेऊन निघतात, ही चांगली गोष्ट झाली.

आमची पाळी यायची ती पंधरा दिवसांनी. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसायची आणि कोजागरीला उठायची. चांगला महिनाभर मुक्काम. कुंभाराकडून मातीची मूर्ती आणायची, भुलाबाई आणि भुलोजी शेजारीशेजारी बसलेले, कुठे मांडीवर बाळ गणपती. त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. रोज संध्याकाळी आळीतल्या पोरी जमायच्या, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या. एकीच्या घरची झाली की दुसरीच्या घरी. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि ही महिनाभर माहेरी आलेली आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

नावाची कथा मोठ्या बायका सांगायच्या. शंकर-पार्वती सारीपाट खेळले, शंकर हरले आणि रुसून निघून गेले. पार्वतीनं भिल्लिणीचं रूप घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन नाचली. शंकर भुलले. भुलले म्हणून भुलोजी, भुलवलं म्हणून भुलाबाई. ही कथा सांगताना बायकांच्या डोळ्यांत वेगळीच चमक यायची. तेव्हा ती का यायची ते कळत नव्हतं. आता दहा-बारा बायकांच्या बैठकीत ती कथा पुन्हा ऐकली की कळतं. डाव बाई जिंकते, रुसतो नवरा, आणि त्याला परत आणायची युक्तीही बाईच काढते! अशा कथा आपल्या पोथ्यांत फार नाहीत.

गाण्यांइतकीच ओढ खिरापतीची. झाकणाचा डबा घरातली बाई हलवून दाखवायची आणि आत काय आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. गोड की तिखट, एवढंच विचारायची मुभा. फुटाणे खडखड वाजतात, मुरमुरे सरसर वाजतात. शिरा मुळी वाजतच नाही, म्हणून डबा वाजला नाही की पोरी आधी शिरा म्हणायच्या. म्हणून हुशार बाई मुद्दाम मलिदा करायची. कोणी उकडलेले शिंगाडे ठेवायचं, कोणी भोपळ्याची बोंडं. ज्या घरी काहीच नसायचं तिथे भिजवलेली चण्याची डाळ आणि गुळाचा खडा. पण डबा झाकलेलाच असायचा आणि तो ओळखायलाही तेवढाच वेळ लागायचा. गरिबाघरचा डबा लवकर उघडला, असं कधी झालं नाही. मला वाटतं, ही झाकणाची रीत ज्या कोणा बाईनं काढली तिला गावातल्या घराघरांची परिस्थिती नीट माहीत असणार.

आता गाण्यांकडे येऊ. आठ-दहा वर्षांच्या पोरी काय गायच्या? झाडं, पाखरं, चांदोबा? ते होतंच. पण अर्ध्याहून जास्त गाण्यांत सासू, सासरा, दीर आणि नणंद. रुसून बसलेली सून, न्यायला आलेला भाऊ, न मिळालेली परवानगी. डोहाळ्यांची गाणी, बाळंतपणाची गाणी. पाळण्याएवढ्या पोरींनी डोहाळे गायचे! एक गाणं तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते आधी कारल्याचं बी पेर. बी पेरलं तर वेल येऊ दे. वेल आला तर फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर. आम्ही हे हसत हसत म्हणायचो. पण जिनं परसात कारलं लावलं आहे तिला विचारा, बी पेरल्यापासून पहिलं कारलं तोडायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे गाण्यातली सासू गंमत करत नाही, ती सरळ दोन महिन्यांची तारीख देते आहे.

लहान पोरींच्या तोंडी हे कशाला? तर त्या पोरींना लवकरच तिथे जायचं होतं म्हणून.

आमच्या एका गटात ऐंशीच्या आसपासच्या एक आजी आहेत. त्या म्हणाल्या, "मी तीन वर्सं भुलाबाई खेळली. चौथ्या वर्सी माहं लगन झालं. तेव्हा मले चोळी बी नीट नेसता येत नव्हती." वय विचारलं तर म्हणाल्या, बारा असंल नाहीतर तेरा. हे साधारण १९५५ च्या आसपासचं. आता कायदा काय होता पाहा. हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्यात मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ ठरलं. तो लागू व्हायच्या आधी लोकांनी देशभर घाईघाईनं लहान लहान पोरींची लग्नं उरकून घेतली होती. १९४९ साली हे वय १५ झालं आणि १९७८ साली १८. म्हणजे आजींचं लग्न झालं तेव्हा कायदा होऊन पंचवीस वर्षं झाली होती. पण कायदा दिल्लीत होता आणि लग्न गावच्या मांडवात.

त्या तीन वर्षांबद्दल आजी पुढं काय म्हणाल्या ते मी विसरू शकत नाही. त्यांचा दिवस शेण गोळा करण्यात, पाण्याच्या खेपांत आणि धाकट्या भावाला कडेवर घेण्यात जायचा. "पर भुलाबाईच्या वक्ताले माय भावाले घेऊन घे. म्हणे, जाय, तुह्या भुलाबाईले जाय." वर्षातला एक महिना आणि त्यातला रोजचा एक तास. एवढाच वेळ पोरीची कड रिकामी असायची. आपण म्हणतो साधं सुख, त्याचं माप हे एवढं होतं. आणि तो तास देण्यासाठी त्या मायनं चूल, भाकर आणि पोर, तिन्ही एकदम सांभाळलं होतं. तिची आठवण मात्र आपल्या गोष्टींत सहसा येत नाही.

म्हणून मला "जुना काळ चांगला होता" हे वाक्य पूर्ण पटत नाही. काळ काही चांगला नव्हता, तो तास चांगला होता. दोन्ही एकत्र बांधून ठेवलं की आपण काळाचंच कौतुक करत बसतो. आणि हा विषय अजून जुना झालेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कारल्याचं गाणं अजून कोणाकोणासाठी गाणं नाहीच.

हा खेळ फक्त आपलाच आहे असंही नाही. खानदेशात भुलाबाई आहे, काही ठिकाणी तिला गुलाबाई म्हणतात. जळगावला तर आता भुलाबाई महोत्सव भरतो. पुण्या-साताऱ्याकडे भोंडला किंवा हादगा. तिथे मधोमध हत्तीचं चित्र आणि भोवती फेर. माळव्यात पोरी भाद्रपद पौर्णिमेपासूनच संजा मांडतात, भिंतीवर शेणाच्या आकृत्या काढून त्यांवर फुलं लावतात आणि तिथेही गाण्यांत सासर-माहेरच. तेलंगणाची बतुकम्मा भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस. फुलांची उतरंड रचून बायका भोवती फेर धरतात. आमच्याकडे कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्र असल्यानं कामाला चारी दिशांची माणसं आली. त्यामुळे शेजारणीशी बोलताना हे सहज कळतं की तुमची ती आणि आमची ही बहिणीबहिणीच. पावसाचा जोर ओसरला, शेतातलं पीक उभं आहे, कापणीला थोडा अवकाश आहे. त्या मधल्या दिवसांत सगळीकडच्या पोरींना थोडी मोकळीक मिळत असावी, असं मला वाटतं.

आणि गाणंच का, याचंही उत्तर आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक छापलं. आपल्याच विदर्भातली बाई! बायांनाच का बोल लावता, असं त्यांनी सरळ विचारलं. पण ताराबाईंना लिहिता येत होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, १९५१ च्या जनगणनेतसुद्धा देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. बाकीच्या एक्क्याण्णव जणींनी आपली तक्रार कुठे नोंदवायची? जात्यावरच्या ओवीत आणि फेराच्या गाण्यात. वर सोय अशी की गाणारी लहान पोर असल्यामुळे ओसरीवर बसलेली सासूही हसून सोडून द्यायची.

मग भुलाबाई गेली कुठे? टीव्हीनं नेली असं सगळ्या म्हणतात. ते खरंही आहे. केबल आली आणि भुलाबाईची वेळ ती मालिकांची वेळ झाली. खापरखेड्याला २१० मेगावॅटचे पहिले दोन संच १९८९-९० मध्ये सुरू झाले, आणखी दोन २०००-०१ मध्ये, नंतर ५०० मेगावॅटचा. आमच्या चिमण्यांतून निघणाऱ्या विजेवर किती गावांचे टीव्ही चालले असतील! गंमत म्हणजे भारनियमनाच्या वर्षांत आजूबाजूच्या खेड्यांत संध्याकाळी दिवे गेले की पोरी पुन्हा अंगणात यायच्या आणि एखादी जण टिपऱ्या काढायची.

पण टीव्हीच्या आधी शेतानं नेली, हे फार कोणी सांगत नाही. मखराला ज्वारीची धांडे लागतात. आधी घरोघरी खरिपाची ज्वारी असे. भुलाबाईच्या दिवसांत ती कणसावर उभी असे, बांधावरून पाच धांडे तोडली की मखर झालं. १९८० नंतर सोयाबीन वाढत गेलं आणि ज्वारी आटत गेली. आता मखरासाठी धांडे शोधत दुसऱ्या गावाला जावं लागतं. शिवाय सोयाबीनची सोंगणी नेमकी अश्विनात येते. दिवसभर वाकून सोंगणी केलेली माय संध्याकाळी डब्यात काय आणि कशी ठेवणार? पोरगीही शाळा सुटल्यावर शिकवणीला जाते. ती शाळेत जाते याचा मला आनंदच आहे. दहावीची पोरगी आणि सासरची पोरगी यांतून निवडायचं तर मी डोळे मिटून दहावी निवडीन. फक्त तिचा तो तास गेला. तिच्या दिवसात आता कोणाचा तरी भाऊ कडेवर नाही, पण दहा मैत्रिणीही नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या तीन गटांनी ठरवलं की भुलाबाई बसवायची. मूर्ती मिळाली. धांडे नाही मिळाली, तर पऱ्हाटीच्या काड्यांचं मखर केलं. आजींनी नाक मुरडलं, पण बसल्या. पोरींना गाणी येत नव्हती आणि आयांना अर्धी-अर्धीच येत होती. म्हणून बैठकीच्या वहीची शेवटची पानं मोकळी ठेवली आणि जिला जे आठवेल ते तिनं सांगायचं, पोरींनी उतरवून घ्यायचं, असं चालू केलं. सत्तावीस गाणी झाली आहेत. कारल्याच्या गाण्यावर मात्र काम अडलं आहे. पारशिवनीकडून आलेल्या बाईच्या गाण्यात भाजी झाल्यावर सून माहेरी जाते. काटोलकडच्या बाईच्या गाण्यात सासू म्हणते, आता मामंजींना विचार, आणि गाणं पुढं चालूच राहतं. दोघीही हटायला तयार नाहीत. आठवीतल्या पोरीनं दोन्ही लिहून घेतली आहेत, समोरासमोरच्या पानांवर, आणि खाली एका ओळीची जागा रिकामी सोडली आहे. तुमच्या गावी ते गाणं कसं संपतं, ते पुढच्या बैठकीत जरा आपल्या आजीला विचारून या.