नवेगावबांध : तलाव, रान आणि पायवाटा

वस्ती आणि रान यांच्या सहजीवनाचा इतिहास विदर्भात पाहायला मिळतो. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. कोहळी हा तलाव बांधून त्याच्या पाण्यावर धान व ऊस पिकवणारा समाज आहे. तलावाभोवतालच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, तर बांधावर कोलू पाटलांची कोलासूर देव म्हणून पूजा होते. पाणी टिकवायचे तर पाणलोटातले, म्हणजे तलावाकडे उतरणाऱ्या भूभागातले रानही राखावे लागते. नवेगावबांधच्या डोंगरवार पाटील घराण्यातील माधवराव पाटील यांना जंगलाची सखोल जाण होती. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी त्यांच्यासोबत पायवाटा तुडवत पशुपक्ष्यांची स्थानिक नावे व सवयी टिपल्या. 1975 मध्ये या वनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. कायद्याच्या या संरक्षणामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे लोकज्ञान उभे होते.