मधलं पद

परवा नातीचा फोन. "आबा, वर्ग बहुपदीचा आलेख काढताना आधी पूर्ण वर्ग कशाला करायचा?"

मी गप्पच झालो. हाच प्रश्न मुरबाडकडच्या शाळेत एका पोराने विचारला होता आणि "परीक्षेत लागतं" म्हणून मी त्याला खाली बसवलं होतं. मी बी.ए. झालेला, गणिताला शिक्षक नव्हता म्हणून तो तास माझ्या गळ्यात. सूत्र पाठ करून घ्यायचो, झालं.

निवृत्तीनंतर भास्कराचार्य वाचायला घेतले. जन्म १११४, 'बीजगणित' ११५० चं. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं ते स्वतःच सांगतात. (ते नेमकं कुठलं यावर विद्वान भांडतात. शहापूरकरांनी दावा लावू नये!) चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने तिथे मठ काढला होता.

तर या युक्तीचं त्यांच्याकडचं नाव 'मध्यमाहरण', म्हणजे मधलं पद काढून टाकणं. नियम मूळ श्रीधराचार्यांचा, काही शतकं आधीचा. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज मिळत नाही. भास्कराचार्यांनी नाव घेऊन नियम दिला म्हणून तो उरला. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. अपूर्णांकांची कटकटच नाही.

आलेख मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो देकार्तच्या १६३७ च्या भूमितीनंतरचा. पण दोन्ही शेजारी ठेवले आणि माझी ट्यूब पेटली.

नातीला सांगितलं, लिही: य = क्ष² − ६क्ष + ५. सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ. नऊ मिळव, नऊ वजा कर. झालं (क्ष − ३)² − ४. मधलं पद गेलं ना? आता वर्ग काही ऋण होत नाही. तो शून्य होतो क्ष ३ असताना, तेव्हा य उणे ४. तोच शिरोबिंदू. तिथून एक घर डावीकडे जा की उजवीकडे, य उणे ३. दोन घरं गेलीस तर दोन्हीकडे शून्य. पाच बिंदू जोड, अन्वस्त तयार.

मधलं पद काढलं आणि आलेखाचा मध्य सापडला! हे मला सत्तरीत कळावं?

तो पोरगा गलोलीने कैऱ्या पाडण्यात पटाईत होता. दगड कुठवर चढतो आणि कुठे खाली वळतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. आता शहापूरला त्याचं दुकान आहे. पुढच्या खेपेला आलेख कागद घेऊनच जाणार आहे.