ग्रंथालयात उजेड कुठपर्यंत पोहोचतो?

कॉलेजच्या ग्रंथालयात तुम्ही जागा कुठली धरता? बहुतेक जण खिडकीजवळची, नाहीतर पंख्याखालची. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून मला ही सवय म्हणजे इमारतीची परीक्षाच वाटते. आज ती एका जुन्या ग्रंथालयाला लावून बघू.

ग्रंथालय मुंबईचं, पण सोलापूरशी त्याचं नातं आहे. आपलं दयानंद कॉलेज १९४० साली निघालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. पुणे विद्यापीठ आलं १९४९ मध्ये, शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये आणि सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ थेट २००४ मध्ये. म्हणजे १९४०च्या दशकात इथे शिकणाऱ्या मुलाचं विद्यापीठ-ग्रंथालय होतं राजाबाई टॉवरचं, साधारण साडेचारशे किलोमीटर दूर!

या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दोन लाख रुपये दिले आणि आईच्या नावाच्या टॉवरसाठी आणखी दोन लाख. पैसा कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत भाव कडाडले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. बांधकाम १८६९ ते १८७८ चाललं.

आता उजेडाचं गणित. मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटात. म्हणजे या वाचनालयाची खरी भिस्त सूर्यावर होती. ढोबळ नियम असा, की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत वाचण्याजोगा उजेड पोहोचतो. तळमजल्यावरची दोन दालनं प्रत्येकी ५६ फूट लांब आणि साडेसत्तावीस फूट रुंद. अशा लांबट खोलीला दोन्ही लांब बाजूंनी खिडक्या असल्या, की प्रत्येक बाजूने जेमतेम चौदा फूट उजेड द्यायचा. त्याला सात फुटांची कड पुरते. गॉथिक खिडक्या तर त्याहून कितीतरी उंच.

पण तिथे बसणार कोण? विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरचं: परीक्षा घ्यायची, पदव्या द्यायच्या, शिकवणं कॉलेजांकडे. समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ मध्ये. वाचनालय मुंबईत आणि विद्यार्थी गावोगावच्या कॉलेजांत, अशी ही व्यवस्था होती. उजेड खोलीच्या मधोमध पोहोचला, सोलापूरपर्यंत नाही.

म्हणून आपल्याकडच्या साध्यासुध्या ग्रंथालयांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. पूर्व भागात ज्या घरात माग चालतो, तिथल्या मुलीला अभ्यासाला शांत खुर्ची लागते, तीही चालत जाता येईल अशी. पुढच्या वेळी तुमच्या ग्रंथालयात गेलात, की तीन गोष्टी बघा: खिडकीची कड किती उंच, शेवटची खुर्ची तिथून किती लांब, आणि दार किती वाजता बंद होतं.