‘ग्रोत्ता’ची कुळकथा

इटालियनमध्ये गुहेला ‘ग्रोत्ता’ म्हणतात. स्पॅनिश-पोर्तुगीज ‘ग्रुता’, इंग्रजी ‘ग्रोटो’, रशियन ‘ग्रोत’ ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. घराण्याचं मूळ मात्र ग्रीक. लपवणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ‘क्रुप्ते’, म्हणजे दडलेली जागा, हा शब्द झाला आणि लॅटिनने तो ‘क्रिप्टा’ म्हणून घेतला. रोमन लोक बोगद्यालाही क्रिप्टा म्हणत. नेपल्सजवळच्या अशाच सुमारे ७०० मीटर लांबीच्या बोगद्यातल्या धुळीबद्दल आणि काळोखाबद्दल रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून ठेवलं आहे.

पुढे शब्दाच्या दोन वाटा झाल्या. चर्चच्या पोथ्यांमध्ये ‘क्रिप्टा’ शाबूत राहिला. वेदीखालच्या तळघराला इंग्रजीत आजही ‘क्रिप्ट’ म्हणतात. सामान्यांच्या तोंडी मात्र ‘क’चा ‘ग’ झाला आणि ‘प्त’चा ‘त्त’. संस्कृत ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ आणि मराठीत ‘सात’ झालं, त्याच जातीचा हा बदल.

या शब्दाचं नशीब खरं उघडलं ते रोममध्ये. इ. स. ६४च्या आगीनंतर सम्राट नीरोने ‘सुवर्णगृह’ नावाचा अफाट महाल बांधला. त्याच्या मृत्यूनंतर दालनं मातीने बुजवली गेली आणि वर सम्राट ट्रेजनची स्नानगृहं उभी राहिली. १४८०च्या सुमारास ती दालनं पुन्हा सापडली. चित्रकार दोराने भोकातून खाली उतरले. माती इतकी भरलेली, की ते सरपटत थेट छताशीच पोचत. दिव्याच्या उजेडात त्यांना दिसलं, वेलीतून माणसाचं मुंडकं उगवलंय, पशूचं धड पानात विरघळलंय. काहींनी तिथेच आपली नावं कोरली. बुजलेल्या त्या दालनांना लोक ‘ग्रोत्ते’, गुहा, म्हणत. म्हणून ही नक्षी ‘ग्रोत्तेस्के’. सिएना इथल्या ग्रंथालयासाठी चित्रकार पिंतुरिक्किओशी १५०२ साली झालेल्या करारात हा शब्द आहे. राफाएल आणि जोव्हान्नी दा उदिने यांनी ही शैली व्हॅटिकनमध्ये नेली. इंग्रजी-फ्रेंचमधला ‘ग्रोटेस्क’ तो हाच. विचित्र, बेढब हा अर्थ त्याला नंतर चिकटला. एखाद्या नक्षीने शब्दाचा अर्थ इतका फिरवल्याचं याहून देखणं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे वसईत, गोव्यात चर्चच्या आवारात दगड-सिमेंटचा ‘ग्रोटो’ असतो. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली बर्नादेत नावाच्या मुलीला जिथे मरियेचं दर्शन झाल्याचं भाविक मानतात, त्या मासाबिएलच्या गुहेची ती प्रतिकृती.