गोड औषधाची कडू गोष्ट

औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत बॅच नंबर, परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख असे बरेच काही छापलेले असते. आपण बहुधा मुदतीची तारीख तेवढी पाहतो. बाकीचा मजकूर कशासाठी, हे समजून घ्यायला १९३७ सालच्या अमेरिकेत जावे लागेल.

त्या वेळी पेनिसिलिन वापरात आलेले नव्हते. जंतुसंसर्गावर सल्फानिलामाइड हे नवे, गुणकारी औषध होते. त्याच्या गोळ्या मिळत; पण पातळ औषधाला मागणी होती. अडचण अशी, की हा पदार्थ पाण्यात फारसा विरघळत नाही. टेनेसी राज्यातील मॅसेनगिल कंपनीचे रसायनतज्ज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांना तो डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळतो असे आढळले. हा द्रव रंगहीन, काहीसा दाट आणि चवीला गोड असतो. त्यात रासबेरीचा स्वाद घालून 'एलिक्सिर' तयार झाले. कंपनीने रंग, वास आणि चव तपासली. ते पोटात गेल्यावर काय होते, हे मात्र तपासले नाही. कायद्याची तशी सक्तीच नव्हती.

सप्टेंबरमध्ये औषध बाजारात गेले. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातील टल्सा शहरातून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. रुग्णांची लघवी बंद होई, पोटात असह्य वेदना होत आणि मूत्रपिंडे निकामी होत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ, म्हणजे आपले बहुतेक सारे मनुष्यबळ, कामाला लावले. विक्रीच्या पावत्या आणि डॉक्टरांच्या नोंदी चाळत ते एकेका बाटलीचा माग काढत गेले. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी (सुमारे ९०० लिटर) २३४ गॅलन औषध हाती लागले. उरलेल्या थोड्याशा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांत बरीच मुले होती.

कंपनीवर गुन्हा कोणता ठेवला? विषारी औषध विकल्याचा नव्हे! 'एलिक्सिर' म्हणजे अल्कोहोलयुक्त द्रावण, आणि यात अल्कोहोल नव्हते. म्हणून चुकीचे नाव छापल्याचा. बाटलीवर साधे 'द्रावण' लिहिले असते, तर तेवढाही गुन्हा ठरला नसता. १९०६ चा कायदा इतका तोकडा होता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा आला. नवे औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा उत्पादकाने द्यायचा, असे त्याने ठरवले.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये औषधांच्या दर्जाची चौकशी केली आणि १९४० मध्ये औषध कायदा झाला. पण कायदा असला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठा, खरेदी आणि सरकारी देखरेख या सर्वच ठिकाणचे दोष उघड केले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक मुलांचा जीव घेतला. कारण पुन्हा तेच.

या साखळीचे शेवटचे टोक म्हणजे रुग्णाला औषध पाजणारी परिचारिका. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळायला तिला शिकवलेले असते. या पाचही पाळल्या, तरी ग्लिसरीनमधले विष डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून कच्च्या मालाची तपासणी कारखान्यातच व्हायला हवी. मात्र परिचारिकेने कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचचे औषध दिले हे लिहून ठेवले, तर संशय येताच ती बॅच थांबवता येते. १९३७ मध्ये अनेकांचे प्राण वाचले ते अशाच कागदांमुळे.

आम्हाला वाटते, हा धडा वर्गातही घेता येईल. मुलांना औषधांची रिकामी खोकी आणायला सांगावे आणि त्यांवरील प्रत्येक ओळ कोणाच्या उपयोगाची, हे त्यांनाच शोधू द्यावे. बॅच नंबरापाशी पोहोचल्यावर ही गोष्ट सांगावी.